पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, मग फाइल का जात नाही?

ठाण्याच्या नौपाड्यात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. मे महिन्यात एक काका ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह घेऊन आले. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ ५ जीबीच्या वर. "अगं, सगळा रिकामा दिसतोय आणि म्हणे फाइल जात नाही. डुप्लिकेट गळ्यात मारला की काय?"

डुप्लिकेट नव्हता. स्क्रीनवर 'टू लार्ज' आलं होतं, म्हणजे जागा होती. त्या पेनड्राइव्हच्या फाइल सिस्टमला एवढी मोठी एक फाइल पेलत नव्हती, इतकंच.

फाइल सिस्टम मी लायब्ररीवरून समजावते. पुस्तकं कपाटात, आणि कुठलं पुस्तक कुठे ते कार्डांच्या खणात. डिस्क म्हणजे कपाटं, फाइल सिस्टम म्हणजे कार्डं. (ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टम १९९३ ची. शंभर वर्षांचा हा योगायोग मला उगाचच आवडतो.) काकांच्या पेनड्राइव्हवर फॅट३२ नावाची फाइल सिस्टम होती. तिच्या कार्डावर फाइलचं माप लिहायचा रकानाच ३२ बिटांचा, म्हणून ४ जीबीच्या पुढचा आकडा त्यात बसत नाही.

तुमचा कुठला आहे ते बघायला 'दिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे 'फाइल सिस्टम' लिहिलेलं असतं. फॅट३२ दिसलं तर आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा. मग पुन्हा राइट क्लिक, फॉर्मॅट, आणि यादीतून एक्सफॅट; तिला ही ४ जीबीची अडचण नाही. एनटीएफएसही चालेल, पण घरात कुणाकडे मॅक असेल तर नको. मॅक ती नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.

डिलीट केलं की काय होतं? बहुतेक वेळा नुसतं कार्ड फाडलं जातं. पुस्तक कपाटातच असतं, त्या जागी दुसरं येईपर्यंत. म्हणून चुकून फोटो उडाले तर पहिलं काम: त्या पेनड्राइव्हवर काहीही कॉपी करू नका. फोटो परत आणायचं सॉफ्टवेअरसुद्धा दुसऱ्या ड्राइव्हवर टाका. लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) असेल तर फार आशा धरू नका. मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकते.

एकाच ड्राइव्हवर फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये हलवली तर काम क्षणात होतं, तेही यामुळेच. नुसतं कार्डच बदलायचं असतं.

लोकल पकडायच्या घाईत पेनड्राइव्ह उपटून नेणारे रोज भेटतात. कॉपीची खिडकी मिटली म्हणजे लिहून झालं, असं दर वेळी नसतं. टास्कबारवरून इजेक्ट करा, 'काढा' म्हटल्यावरच काढा. फॅट आणि एक्सफॅटला जर्नल नसतं. एनटीएफएसला असतं: कार्डांत काय बदलणार ते ती आधी एका वहीत टिपून ठेवते, आणि लाइट गेलीच तर परत आल्यावर वही बघून अर्धवट काम निस्तरते.

पण ती वही कार्डांची, तुमच्या मजकुराची नव्हे. एका पावसाळ्यात मी सोसायटीच्या स्मरणिकेची सोळा पानं लावत होते आणि लाइट गेली. कॉम्प्युटर नंतर धड सुरू झाला, फोल्डर जागच्या जागी, फाइल मात्र सकाळची. दुपारभर कंट्रोल-एस दाबलंच नव्हतं. सेव्हच न केलेलं डिस्कवर सापडणार कुठून?

काका दुसऱ्या दिवशी परत हजर. एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह त्यांचा जुना टीव्ही ओळखेना. मग पुन्हा फॅट३२ केला आणि व्हिडिओ ४ जीबीच्या आतले दोन तुकडे करून दिला: मंगलाष्टकांपर्यंत एक, पंगतीपासून दुसरा.