जुन्या मैत्रिणी पुन्हा भेटताना या चुका टाळा

शाळेतल्या मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी भेटल्या की पहिला तासभर छान जातो. कोणाच्या लांब वेण्या, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, गणिताच्या बाईंचा धाक. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. एखादी हसतहसत घरी जाते, मग ग्रुपवर तिचं बोलणं कमी होतं आणि पुढच्या भेटीला तिला नेमकं काम निघतं.

"तू कधी आठवणच काढली नाहीस"
हे प्रेमाने म्हटलं तरी टोचतं. बहुतेक जणींनी संपर्क मुद्दाम तोडलेला नसतो. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं तर नावही. सासरचा फोन हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मोबाइल आले तेव्हाही २००३पर्यंत येणाऱ्या कॉलला पैसे पडायचे. फेसबुकवर माहेरच्या नावाने शोधलं, तर ती सापडायची नाही. "तुझा पत्ताच लागेना गं" म्हणा. खरं कारण बहुधा तेच असतं.

"तुझं बरं आहे गं"
माझ्या मते सगळ्यात जास्त मैत्र्या या वाक्याने आतून पोखरतात. नोकरी करणारी म्हणते, "तुझं बरं आहे गं, सकाळची पळापळ नाही." घरी असलेली म्हणते, "तुझं बरं, हातात स्वतःचा पैसा." दोघी हसतात. एकीने सासूबाईंना अर्धांगवायू झाला म्हणून नोकरी सोडलेली असते. दुसरीच्या नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर तिच्या पगारावर चालत असतं. हे दोघीही सांगत नाहीत, कारण समोरचीने आपलं आयुष्य आधीच सोपं ठरवून टाकलंय. मग सांगणं म्हणजे रडगाणं वाटेल, ही भीती.

त्याऐवजी विचारा, "तुझा दिवस कसा जातो?" आणि ती बोलत असताना मध्येच आपलं सुरू करू नका. हे वाक्य तुमच्याच वाट्याला आलं, तर गप्प राहू नका. "काही गोष्टी बऱ्या आहेत, काही नाहीत. एकदा निवांत सांगते," एवढं पुरे. दार उघडं राहतं.

"किती बारीक झालीस!" हेही जपून. वजन आजारपणानेही उतरतं.

हळदीकुंकू
संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत भेट ठरली, की कोणीतरी हौसेने हळदीकुंकू ठेवतं. नवरा गेलेल्या मैत्रिणीचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, पण तोंडावर कोणी आणत नाही. तिला न बोलावणं क्रूर आहे. बोलावून ऐन वेळी ताट पुढे न्यायचं की नाही यावर घुटमळणंही तितकंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव हे करू शकतं, तर वर्गमैत्रिणींना नक्कीच जमेल. मात्र धक्का देऊ नका. यजमानीणबाईंनी आधी तिला एकटीला फोन करावा: "मी सगळ्यांना कुंकू लावणार आहे, तुलाही. तुला नको असेल, तर आपण नुसता तिळगुळाचा कार्यक्रम करू." मग ती म्हणेल तसं.

खर्च
सगळ्यांनी एकाच रंगाची पैठणी, रिसॉर्टवर दोन दिवस, हे ग्रुपवर झटपट ठरतं. "मुलाची परीक्षा आहे," असं कोणी दोनदा म्हणालं, तर पुढचा बेत कोणाच्या तरी घरी, डबा पार्टीचा करा. कारण विचारू नका.

जुनी जखम
कोणाचं तरी गुपित तेव्हा फुटलेलं असतं, कोणीतरी कोणाच्या लग्नाला आलेली नसते. हे विषय सगळ्यांसमोर चेष्टेत काढू नका, नवरे बरोबर असतील तर मुळीच नाही. बोलायचंच असेल तर दोघीच बोला.

ती गप्प झालीच तर
"काय गं, रागावलीस का?" असं ग्रुपवर लिहू नका, चाळीस जणींसमोर ती खरं सांगणार नाही. फोन करा. "माझं काही चुकलं असेल तर" अशी मोघम माफी नको, नेमकं बोला: "त्या दिवशी मी तुझ्या मुलाच्या नोकरीचं सगळ्यांत विचारलं, ते मी करायला नको होतं." ती "छे गं, काही नाही" म्हणाली, तर तिथेच थांबा. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा, या वेळी तिच्या तब्येतीची चौकशी करायला.