जुनी बाटली उघडण्याआधीचे दोन दिवस

सोलापुरातल्या एका हॉटेलात मी स्टुअर्ड म्हणून लागलो, तेव्हा आमच्याकडे वाईनला मागणी बेताचीच होती. जी खपायची ती नवी, आपल्याच जिल्ह्यातल्या अकलूजची नाही तर नाशिकची. अशा शंभर बाटल्या उघडल्या की हे काम आपल्याला येतं असं वाटायला लागतं. मलाही वाटत होतं.

मग एका मे महिन्यात नेहमी येणारे एक डॉक्टर १९९६ची बोर्दो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाईन, घेऊन आले. मुलीच्या जन्मवर्षाची बाटली, तिच्या साखरपुड्याच्या जेवणासाठी जपून ठेवलेली. पुण्याहून डिकीत, चादरीत गुंडाळून आडवी आणली होती. सातला माझ्या हातात आली, आठला टेबलावर. मी नेहमीसारखा स्क्रू फिरवून ओढला आणि बूच मधोमध तुटलं. उरलेला तुकडा काढताना बाटली हिंदकळली, ग्लासात गढूळ वाईन उतरली. डॉक्टर काही बोलले नाहीत. मुलीने ग्लास दिव्यापुढे धरून पाहिला, ते मी विसरलेलो नाही.

चूक बूच ओढण्याच्या आधीच झाली होती. लाल वाईनमधली रंगद्रव्यं आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात. हा साका अपायकारक नसतो, पण जिभेवर कडसर आणि वाळूसारखा लागतो. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी साठवतात, त्यामुळे साका एका बाजूला पसरलेला असतो. तो तळाशी जायला बाटली किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस उभी, न हलवता ठेवावी लागते. म्हणून बुकिंग घेतानाच विचारा, "बाटली कोणत्या सालची आहे? दोन दिवस आधी पाठवता येईल का?" हे विचारायला संकोच करू नका.

पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे युरोपातल्या थंड खोलीचं, साधारण १६ ते १८ अंश. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वाईन थंड करूनच द्यावी लागते. पण ऐन वेळी बर्फात खुपसू नका, आधीपासून थंड जागी उभी ठेवा.

जुनं बूच भुसभुशीत असतं. त्याच्या मधोमध स्क्रू घालण्यापेक्षा दोन पात्यांचा, 'आह-सो' नावाचा बूच-ओढणा बरा. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवायचं, मग दुसरं. डावी-उजवीकडे डुलवत खाली न्यायचं, आणि पिळत पिळत वर काढायचं. इथे जोर लावला की बूच आत जातं. फॉइलखाली काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसा. बूच तरीही तुटलंच, तर स्वच्छ मलमलीतून गाळा.

ओतताना बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा छोटी टॉर्च ठेवा. ताकावरची निवळ अलगद ओततो तसं एकाच धारेत, न थांबता डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्यात, ओता. मध्येच बाटली सरळ केली की सगळा साका ढवळतो. खांद्याशी काळपट रेघ आली की थांबा. तळाची वाईन बाटलीतच राहू द्या, आणि बाटली टेबलावर ठेवा, पाहुण्यांना लेबल बघायचं असतं. नव्या दणकट वाईनला तासभर हवा देतात, पण फार जुनीचा सुगंध थोड्याच वेळात उडून जातो, म्हणून ती ताटं लागल्यावरच उघडा. आधी स्वतः वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर बुचाने वाईन बिघडवली आहे, ते यजमानांना हळूच सांगा.

सरावाला महागडी बाटली लागत नाही. रिकाम्या बाटलीत पाणी आणि दोन चमचे उकळलेली चहापूड घाला, रात्रभर उभी ठेवा, सकाळी टॉर्चवर धरून ओता. मी रोज शिफ्टच्या आधी हेच करायचो. पहिले आठ-दहा दिवस पूड भांड्यात येतेच.