स्पॅनिशमध्ये मत मांडताना 'सुब्खुन्तीबो' कुठे लावायचा

'मला वाटतं तो आजारी आहे' हे वाक्य उलटं करून पाहा. 'तो आजारी आहे असं मला वाटत नाही' असं आपण म्हणतो खरं, पण तितक्याच सहज 'तो आजारी असेल असं मला वाटत नाही' असंही म्हणतो. मत नकारार्थी झालं आणि 'आहे'चा 'असेल' झाला. स्पॅनिशमध्येही असंच होतं, फक्त तिथे ते ऐच्छिक नसतं. 'क्रेओ के एस्ता एन्फेर्मो' म्हणजे तो आजारी आहे असं वाटतं. 'नो क्रेओ के एस्ते एन्फेर्मो' म्हणजे तसं वाटत नाही. 'एस्ता'चं 'एस्ते' झालं (जोर शेवटच्या अक्षरावर). हे दुसरं रूप सुब्खुन्तीबोचं. साधं, माहिती सांगणारं रूप ते इन्दिकातीबो.

इथले उच्चार लॅटिन अमेरिकेच्या वळणाने लिहिले आहेत. स्पेनच्या बहुतेक भागात 'पारेसे'चं 'पारेथे' ऐकू येईल. व्याकरणाला त्याने फरक पडत नाही.

बरेच जण 'शंका असली की सुब्खुन्तीबो' एवढा एकच नियम पाठ करतात. पुढे 'एस उना पेना के एस्ते एन्फेर्मो' (तो आजारी आहे याचं वाईट वाटतं) हे वाक्य आलं की ते अडखळतात, कारण इथे शंका कसलीच नाही. तो अंथरुणातच आहे. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा: 'के'च्या (आपल्या 'की'च्या) पुढची गोष्ट मी माहिती म्हणून समोर ठेवतोय, की ती नाकारतोय किंवा तिच्यावर शेरा मारतोय? माहिती देत असाल तर इन्दिकातीबो. नाकारत असाल किंवा बरं, वाईट, साहजिक, महत्त्वाचं असा शेरा मारत असाल तर सुब्खुन्तीबो.

आता नेहमीचे शब्दप्रयोग या कसोटीवर लावून पाहू. क्रेओ के, प्येन्सो के (दोन्ही 'मला वाटतं की'), ओपीनो के (माझं मत आहे की), मे पारेसे के (मला असं दिसतं की), एस्ता क्लारो के (उघड आहे की), एस बेर्दाद के (खरं आहे की) या सगळ्यांनंतर इन्दिकातीबो, कारण बोलणारा आपलं म्हणणं पुढे करतोय. यांच्याआधी 'नो' लावलात की सुब्खुन्तीबो: नो एस बेर्दाद के सेआ कारो, ते महाग आहे हे खरं नाही. एस लोखिको के (साहजिक आहे की), एस नोर्माल के (स्वाभाविक आहे की), एस इम्पोर्तान्ते के (महत्त्वाचं आहे की), एस्ता ब्येन के (बरं आहे की) ही शेऱ्यांची मंडळी. त्यांच्याआधी 'नो' असो वा नसो, सुब्खुन्तीबोच येतो.

सर्वात जास्त चुका 'मे पारेसे'वर होतात. 'मे पारेसे के ब्येने' म्हणजे तो येतोय असं दिसतं. 'मे पारेसे ब्येन के बेंगा' म्हणजे तो येतोय हे मला पसंत आहे. मध्ये 'ब्येन' हा एकच शब्द घुसला आणि वाक्य माहितीचं राहिलं नाही, शेऱ्याचं झालं. तसंच 'एस्ता क्लारो के' आणि 'एस्ता ब्येन के' यांचं. दिसायला जुळी भावंडं, पण पहिल्यानंतर इन्दिकातीबो आणि दुसऱ्यानंतर सुब्खुन्तीबो.

'नो' कुठे बसतो तेही बघावं लागतं. 'मला वाटतं तो येणार नाही' आणि 'तो येईल असं मला वाटत नाही' यांत आपण फारसा फरक करत नाही. स्पॅनिशमध्ये पहिलं 'क्रेओ के नो ब्येने' आणि दुसरं 'नो क्रेओ के बेंगा'. नकार 'क्रेओ'च्या आधी असला तरच क्रियापद बदलतं. 'के'च्या पलीकडे असला तर काही होत नाही. मराठीत 'असं मला वाटत नाही' हा भाग बहुधा शेवटी येतो, त्यामुळे तो मनात तयार होण्याआधीच क्रियापद तोंडातून गेलेलं असतं. स्पॅनिश बोलताना 'नो क्रेओ के' आधी म्हणावं, क्षणभर थांबावं, मग क्रियापद उच्चारावं. थांबणं कानाला खटकत नाही, चुकलेलं क्रियापद खटकतं.

मराठीचाच आणखी एक फटका भविष्यकाळात बसतो. 'उद्या पाऊस पडेल असं वाटत नाही' यातल्या 'पडेल'मुळे 'नो क्रेओ के योबेरा' म्हणावंसं वाटतं. ते चूक. आजच्या बोलीत सुब्खुन्तीबोचा वेगळा भविष्यकाळ वापरात नाही, वर्तमानच दोन्ही कामं करतो: नो क्रेओ के य्वेबा मान्याना.

'तू येणं महत्त्वाचं आहे' हे तिसरं ठिकाण. आपलं 'येणं' स्वतःचा कर्ता सोबत घेऊन फिरतं. स्पॅनिश मूळ क्रियापदाला इथे ते जमत नाही. 'एस इम्पोर्तान्ते तू बेनीर' असं होत नाही, 'एस इम्पोर्तान्ते के बेंगास' म्हणावं लागतं. कर्ता कोणीच नसेल, म्हणजे सर्वसाधारण 'अभ्यास करणं महत्त्वाचं', तर मात्र 'एस इम्पोर्तान्ते एस्तुदियार' पुरे. तिथे 'के' नको आणि सुब्खुन्तीबोही नको.

रूपं बनवायची युक्ती सोपी आहे. 'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा आणि उलटा स्वर लावा. 'आर'वाल्या (मूळ रूप 'आर'ने संपणाऱ्या) क्रियापदांना ए, 'एर' आणि 'ईर'वाल्यांना आ. आब्लो-आब्ले, कोमो-कोमा, बीबो-बीबा. 'मी'चं रूप आधीच वाकडं असेल तर तो वाकडेपणा सगळीकडे जातो: तेंगो-तेंगा, आगो-आगा, दीगो-दीगा, कोनोस्को-कोनोस्का. या युक्तीला न जुमानणारी फक्त सहा: सेर-सेआ, एस्तार-एस्ते, ईर-बाया, साबेर-सेपा, आबेर-आया, दार-दे. ती सरळ पाठ करावीत, पैकी 'सेआ' आणि 'आया' आधी, कारण मत मांडताना तीच सारखी लागतात. 'बुस्कार'चं 'बुस्के' आणि 'येगार'चं 'येगे' होताना स्पॅनिश स्पेलिंग बदलतं, म्हणून पाठ्यपुस्तकं त्यांची वेगळी यादी देतात. देवनागरीत लिहून पाहिलं की कळतं, क तो कच आणि ग तो गच राहिला. बदललं ते फक्त लिखाण.

एक मत पूर्ण मांडून पाहू. बार्सेलोना महापालिकेने 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचे परवाने 2028 पर्यंत संपुष्टात आणायचे. त्यावर तुम्ही म्हणाल:

मे पारेसे ब्येन के एल आयुन्तामिएन्तो कीते लोस पीसोस तुरीस्तिकोस. (महापालिका ही घरं काढतेय हे योग्य वाटतं. शेरा आहे, म्हणून 'कीता' नाही, 'कीते'.)

एस बेर्दाद के लोस आल्कीलेरेस एस्तान मुइ आल्तोस, पेरो नो क्रेओ के बाखेन सोलो पोर एसो. (भाडी फार वाढलीत हे खरं, पण एवढ्यानेच ती उतरतील असं नाही वाटत. पहिल्या अर्ध्यात कबुली म्हणून 'एस्तान', दुसऱ्यात नकार म्हणून 'बाखेन'.)

नो दीगो के ला मेदीदा सेआ माला. लो के पासा एस के येगा तार्दे. (उपाय वाईट आहे असं म्हणत नाही. झालंय काय, तो उशिरा येतोय.)

'नो दीगो के… सेआ' आणि मग 'लो के पासा एस के…' ही जोडी अंगवळणी पाडावी. समोरच्याला न दुखावता असहमत व्हायला तिच्यासारखं हत्यार नाही. डेले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेच्या बी-2 पातळीवर तोंडी परीक्षेत एखाद्या समस्येवरचे प्रस्ताव देऊन त्यांचे गुणदोष बोलायला सांगतात. तिथे ही जोडी हमखास उपयोगी पडते.

आता फसवी वाक्यं. 'बरं झालं तू आलास' हा शेराच वाटतो, पण 'मेनोस माल के'नंतर इन्दिकातीबो येतो: मेनोस माल के आस बेनीदो. त्याच अर्थाच्या 'मे आलेग्रो दे के'नंतर मात्र 'आयास बेनीदो'. 'कदाचित'साठी 'आ लो मेखोर' वापरलंत तर शंका असूनही इन्दिकातीबो. 'एस प्रोबाब्ले के' (शक्यता आहे की) नंतर मात्र शक्यता नव्व्याण्णव टक्के असली तरी सुब्खुन्तीबो. 'लो ब्वेनो एस के' (चांगली गोष्ट अशी की) नंतर इन्दिकातीबो, कारण 'अशी की' म्हणत तुम्ही माहितीच देताय. 'एस ब्वेनो के'नंतर सुब्खुन्तीबो. 'तुला नाही वाटत हे महाग आहे?' असं विचारताना 'नो' आहे, पण बोलणारा खरं तर स्वतःचंच मत सुचवतोय, म्हणून 'नो क्रेएस के एस कारो?'. आणि 'एन मी ओपिनियोन' म्हणजे आपलं 'माझ्या मते'. त्याला 'के' लागत नाही, पुढे थेट वाक्य.

मत भूतकाळातलं असेल तर सुब्खुन्तीबोही मागे जातो. 'ते आले'चं रूप 'बिनिएरोन' घ्या, शेवटचा 'रोन' काढून 'रा' लावा: बिनिएरा. मे पारेसियो ब्येन के बिनिएरा, तो आला ते बरं वाटलं. 'सेर' आणि 'ईर' दोघांचं 'फुएरोन' एकच, त्यामुळे 'फुएरा'ही एकच: नो क्रेईआ के फुएरा तान कारो, इतकं महाग असेल असं वाटलं नव्हतं. मत आजचं आणि घटना घडून गेलेली असेल तर 'आया' मदतीला येतो: नो क्रेओ के आया येगादो, तो पोचला असेल असं वाटत नाही.