साल खाणाऱ्या अळीसाठी गावाने करायची इर्जिक

परतीचा पाऊस उघडला की डाळिंब, बोर, पेरूच्या खोडाकडे एकदा वाकून बघा. फांद्या फुटतात त्या बेचक्यात तांबूस भुगा आणि विष्ठा रेशमी धाग्यात गुंफलेली पट्टी सालीला चिकटलेली दिसेल. ती सारली की खाली कुरतडलेली साल आणि जवळच एक भोक. अळी दिवसभर त्या भोकात दडते, रात्री पट्टीच्या आडोशाने साल खाते. झाड लगेच वाळत नाही, म्हणून चालढकल होते. पुढे फळांचं ओझं आलं की नेमकी तीच फांदी मोडते.

या किडीची वर्षाला एकच पिढी होते. मे-जूनच्या सुमारास पतंगाची मादी सालीच्या फटीत अंडी घालते आणि तिची अळी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच झाडात मुक्काम ठोकते. म्हणजे आत्ता मारलेली प्रत्येक अळी हा पुढच्या मृगाचा एक पतंग कमी. पण पतंगाला बांध कळत नाही. तुमची बाग स्वच्छ आणि शेजारची डाळिंबावरच्या तेल्या रोगाला कंटाळून सोडून दिलेली असेल, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बांधावरची बाभूळ, शेवगा, जांभूळ, आंबा हीसुद्धा तिची घरं आहेत, आणि ती कुणाच्याच हिशेबात नसतात. म्हणून शिवारवार इर्जिक घाला, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या बागेत काम उरका. हस्त बहाराच्या, म्हणजे पावसाळा सरताना धरायच्या बहाराच्या, छाटणीला माणसं बागेत असतातच, खोडंही उघडी असतात. मालक पुण्या-मुंबईला असेल तर फोनवर होकार घ्या. नाही म्हणणारा सहसा भेटत नाही.

काम सोपं आहे. खराट्याने किंवा गोणपाटाने भुग्याच्या पट्टीची जाळी पुसा. लवचिक तार भोकात हळूहळू सरकवा. बोगदा वीतभरही असतो. टोकाला मऊ लागलं की अळी सापडली. नंतर पेट्रोल किंवा रॉकेलचे थोडे थेंब टाकलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपा. जास्त ओतू नका, साल भाजते. आणि त्या वेळी बिडी-काडी लांब! झाडावर चुन्याचं बोट ओढा, म्हणजे दुसरी टोळी तेच झाड पुन्हा करत बसणार नाही. आठ-दहा दिवसांनी फेरी मारा. ताजा भुगा दिसला तर अळी जिवंत आहे, पुन्हा करा. निसटलेल्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एक फेरी लागते.

जुन्या पत्रकांत बोळ्यासाठी डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक लिहिलेलं सापडेल. २०२० अखेरपासून देशात त्याच्या वापरावर बंदी आहे; कपाटात जुनी बाटली असली तरी काढू नका.

खोडाला टाचणीएवढी बारीक, पुष्कळ भोकं असतील आणि वर जाळी नसेल, तर तो पिन होल बोरर, म्हणजे भुंगेरा. तिथे तार चालत नाही. खोडाचा तुकडा पिशवीत बांधून सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा.