सुपरचार्जरच्या गाडीत पेट्रोल की इथेनॉल: नाशिककरांसाठी टाकी, मॅप आणि हवेचा हिशेब

पंपावरच्या साध्या नोझलमधून नाशिकला आज जे पेट्रोल मिळतं ते ई20 असतं. म्हणजे 20 टक्क्यांच्या आसपास इथेनॉल त्यात आधीच असतं. त्यामुळे सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून त्यात जादा हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या गाडीच्या मालकाने विचारायचं ते एवढंच: आपल्या टाकीत इथेनॉल नेमकं किती हवं, आणि दर वेळी टाकी भरल्यावर ते तेवढंच राहणार आहे का? मॅप (इंधन किती आणि ठिणगी कधी हे ठरवणारा, इसीयू म्हणजे इंजिनाच्या संगणकातला तक्ता) एका मिश्रणासाठी लिहिलेला आणि टाकीत दुसरंच, असं झालं की बूस्टवरच्या, म्हणजे दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, इंजिनाच्या पिस्टनला भोक पडायला एक पूर्ण थ्रॉटल पुरतो.

आधी हवेचं बघू, कारण सुपरचार्जरच्या गाडीत सगळं तिथूनच सुरू होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब 945 मिलिबारच्या जवळपास असतो. त्यावर अर्धा बार बूस्ट घेतला तर दाबाचं गुणोत्तर 1.53 होतं. एप्रिलच्या दुपारी 40 अंशांची हवा रूट्स प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये शिरली आणि त्याची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर बाहेर पडताना ती सुमारे 107 अंशांवर असते. इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारा रेडिएटर, चांगला असेल तर ती 60 ते 65 पर्यंत उतरते, नसेल तर तशीच सिलिंडरमध्ये जाते. टर्बोच्या गाडीत बूस्ट जरा उशिरा चढतो. पट्ट्यावर फिरणारा रूट्स किंवा ट्विन स्क्रू मात्र 2000 आरपीएमलाच भरपूर हवा ढकलतो, आणि कमी आरपीएम, जास्त भार, गरम हवा हे नॉकिंगचं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकण्याचं, आवडतं ठिकाण. कसारा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन नेमकं याच अवस्थेत असतं.

इथेनॉलची खरी ताकद इथे दिसते. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला सुमारे 900 किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला 350 च्या आसपास. शिवाय तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं: पेट्रोलला 14.7 किलो हवेमागे एक किलो, इथेनॉलला 9 किलो हवेमागे एक किलो. दोन्ही हिशेब एकत्र केले तर एक किलो हवेतून इथेनॉल 100 किलोज्यूल शोषू शकतं आणि पेट्रोल जेमतेम 24. प्रत्यक्षात सगळं इंधन हवेतच वाफ होत नाही, बरंचसं गरम भिंतींवर आणि व्हॉल्व्हवर आदळतं, म्हणून पूर्ण चौपट फायदा हाती लागत नाही. पण फरक मोठा आहे, आणि शुद्ध इथेनॉलचा 108 च्या घरातला ऑक्टेन (नॉकिंग सोसण्याची क्षमता) त्यात वेगळा मिळवायचा.

याची किंमत लिटरमध्ये मोजावी लागते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये 21. मार्च 2024 पासून काही निवडक पंपांवर विकायला आलेलं ई100 हेही पूर्ण इथेनॉल नसतं. त्यात 93 टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, थोडं पेट्रोल आणि दोन्ही एकजीव ठेवणारा पदार्थ असतो. त्यामुळे ई100 चा लिटरमागचा दर ई20 च्या साधारण 73 टक्क्यांहून कमी असेल तरच पैशाचा मेळ बसतो. दर त्याहून वर असेल तर ॲव्हरेजच्या हिशेबात तोटाच आहे, मग कारण फक्त ताकदीचं उरतं.

किती बूस्टला काय

आमचं मत स्पष्ट आहे. बूस्ट 0.4 बारपर्यंत असेल, इंटरकूलर धड असेल आणि गाडी रोजच्या वापरातली असेल, तर ई20 वरच राहा. त्याचा ऑक्टेन 95 चा असतो आणि एवढ्या बूस्टला तो पुरतो. 0.5 ते 0.7 बारमध्ये ई40 च्या जवळपासचं मिश्रण सगळ्यात शहाणपणाचं. नॉकिंगविरुद्धचा बहुतेक फायदा तिथपर्यंत मिळून जातो आणि इंधन लागतं ई20 पेक्षा फक्त 8 टक्के जास्त. त्याच्याही वर, सुपरचार्जरला छोटी पुली टाकून बूस्ट आणखी वाढवायचा असेल तरच ई85 किंवा ई100 चा विचार करा, आणि तोही फ्लेक्स सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा) बसवूनच.

ई40 बनवणं सोपं आहे. 40 लिटरच्या टाकीत 29 लिटर ई20 आणि 11 लिटर ई100. इथेनॉल होतं 5.8 अधिक 10.2, म्हणजे 16 लिटर, बरोबर 40 टक्के. टाकीत आधीचं 10 लिटर ई20 शिल्लक असेल तर तेही 29 मध्येच धरायचं, हे घाईत विसरलं जातं. भरताना आधी ई100 आणि त्यावर ई20 घ्या, म्हणजे आपोआप ढवळलं जातं.

औद्योगिक स्पिरिट किंवा कुणी डिस्टिलरीतून आणून दिलेलं कॅन यांना हातही लावू नका. परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. त्यात पाणी किती आणि डिनेचर करायला, म्हणजे पिण्यालायक राहू नये म्हणून, काय मिसळलंय हे बाहेरून कळत नाही.

टाकीतलं इथेनॉल मोजणं

ही पाच मिनिटांची चाचणी प्रत्येकाने शिकून घ्यावी. 100 मिलीचं काचेचं उभं मोजपात्र घ्या, बूच घट्ट बसणारं. त्यात 10 मिली पाणी ओता आणि त्यावर 100 च्या रेषेपर्यंत इंधन भरा, म्हणजे इंधन 90 मिली झालं. बूच लावून अर्धा मिनिट जोरात हलवा, मधून मधून बूच सैल करून वाफ सोडा, मग सपाट जागी दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा थर फुगतो. तो थर 28 वर थांबला तर त्यातलं 18 मिली इथेनॉल, म्हणजे 90 मधले 20 टक्के. 46 वर थांबला तर 40 टक्के. थरांची सीमा धूसर दिसत असेल तर पाण्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका, रंग खालच्या थरातच राहतो. हे उघड्यावर करा, जवळ गाडी चालू नको, विडी-सिगारेट नको, आणि नमुना परत टाकीत ओतू नका.

कायमचा उपाय म्हणजे फ्लेक्स सेन्सर. तो इंधनाच्या लाईनमध्ये बसतो आणि इसीयूला फ्रिक्वेन्सी पाठवतो: शून्य इथेनॉलला 50 हर्ट्झ, शंभर टक्क्यांना 150. म्हणजे ई20 ला 70 आणि ई40 ला 90 दिसायला हवं. नवा सेन्सर बसवला की आधी मोजपात्राची चाचणी करा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा. 170 च्या वर गेला तर सेन्सर बिघडलाय किंवा इंधनात पाणी आहे. नळी बारीक असेल तर तो रिटर्न लाईनवर लावावा, म्हणजे पूर्ण भाराला प्रवाह अडत नाही.

पंप आणि इंजेक्टर पुरतील का

बूस्टवरच्या इंजिनाला दर बीएचपीला तासाला 270 ग्रॅम पेट्रोल धरा. 200 बीएचपीच्या चार सिलिंडर इंजिनाला मग तासाला 54 किलो, म्हणजे सुमारे 73 लिटर शुद्ध पेट्रोल लागतं. ई20 वर हाच आकडा 78 होतो, ई40 वर 84 आणि ई100 वर 108. इंजेक्टर 85 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, या नियमाने प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला 360 सीसीचा लागतो पेट्रोलला, 385 ई20 ला, 415 ई40 ला आणि 530 ई100 ला. ई100 साठी विकत घेताना 600 च्या आसपासचाच घ्या.

पंपावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, तो बहुधा मोकळ्या प्रवाहाचा असतो. प्रत्यक्ष मोजा: रेग्युलेटर जागेवर ठेवून, त्याच्या रिटर्नची नळी धातूच्या कॅनमध्ये सोडा, व्हॅक्यूमच्या नळीला हातपंपाने बूस्टएवढा दाब द्या, रिले जोडून पंप 30 सेकंद चालवा. व्होल्टेज 13.5 असायला हवं, म्हणून बॅटरीला चार्जर लावा. ई40 साठी 84 लिटर अधिक 25 टक्के राखीव म्हणजे तासाला 105 लिटर, म्हणजेच 30 सेकंदात 875 मिली यायला हवं. कमी आलं तर आधी फिल्टर आणि पंपाची वायर तपासा. जुन्या गाड्यांत बारीक वायरवर व्होल्ट-दीड व्होल्ट गळतो आणि दोष पंपाच्या माथी मारला जातो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या सुपरचार्ज्ड इंजिनांत मर्यादा वेगळी आहे. तिथला उच्च दाबाचा पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि ठरावीक तेवढंच इंधन देतो. ई40 तो बहुधा झेपवतो, ई100 नाही. पूर्ण थ्रॉटलला रेलचा दाब खाली येतोय का हे लॉगमध्ये बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या असाव्या लागतात. आतून फ्लोरोकार्बनचा थर असलेली किंवा टेफ्लॉनची नळी घ्या, नुसती नायट्राईल रबराची नको. जुन्या टाकीतला साचलेला गाळ इथेनॉल सोडवतं, म्हणून पहिल्या 500 ते 1000 किलोमीटरमध्ये फिल्टर बदलाच. तो तुंबला की बूस्टवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं, आणि दोष ट्यूनचा वाटतो.

मॅप आणि प्लग

वाईडबँड मीटर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारं) लॅम्डामध्ये वाचा; 1 म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली इंधन जास्त, वर कमी. पेट्रोलच्या प्रमाणातले आकडे इथेनॉल बदललं की डोकं फिरवतात, लॅम्डा कुठल्याही मिश्रणाला तोच राहतो. पूर्ण बूस्टला ई20 वर 0.78 ते 0.80 आणि ई40 वर 0.80 ते 0.82 ही सुरुवात ठीक. इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, ई20 च्या मॅपवरून एक-एक अंशाने पुढे (आधी) न्या. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा, नॉकिंग येईपर्यंत वाट बघू नका.

उलटसुलट भरलं तर काय होतं हे समजून घ्या. ई40 च्या मॅपवर ई20 पडलं तर मिश्रण थोडं श्रीमंत होतं, म्हणजे इंधन जास्त पडतं, त्याने लगेच बिघडत नाही, पण इग्निशन जास्त पुढे असल्याने नॉकिंग येतं. ई20 च्या मॅपवर ई100 पडलं तर 37 टक्के जास्त इंधन हवं असतं, ते मिळत नाही, आणि 0.80 चा लॅम्डा 1.10 वर जातो. ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती साधारण 25 टक्क्यांपर्यंतच असते, आणि पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत ती चालतच नाही. पेठ किंवा सुरगाण्याकडे जाताना वाटेत ई100 मिळेलच असं धरू नका. सेन्सर नसेल तर इसीयूमध्ये साध्या ई20 चा दुसरा मॅप ठेवा आणि तो बटणावर घ्या.

प्लग कंपनीच्या प्लगपेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) घ्या, टोकांतलं अंतर 0.6 ते 0.7 मिलिमीटर. इथेनॉल नॉकिंग थोपवतं, पण तापलेल्या प्लगच्या टोकावरून किंवा कार्बनच्या निखाऱ्यावरून ते वेळेआधी पेट घेतं. हे नॉक सेन्सरला ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

थंडी, पाऊस आणि कागदपत्रं

इथेनॉल 12-13 अंशांच्या खाली फारशी वाफ देत नाही. निफाडला थंडीच्या लाटेत पारा 5-6 अंशांवर येतो, तेव्हा ई100 वरची गाडी सकाळी उठत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ई40 च्या वर जाऊ नका, त्यातलं पेट्रोल वाफ पुरवतं. थंडीत छोट्या-छोट्या फेऱ्या झाल्या तर न जळालेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर गाडी अर्धा तास घोटीपर्यंत चांगली तापवून आणा, आणि ऑइल 5000 किलोमीटरला बदला.

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडची दमट हवा अर्धी रिकामी टाकी असलेल्या उभ्या गाडीत पाणी सोडते. पाणी सोसवण्याच्या पलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. पंप पहिल्यांदा तेच ओढतो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटलेला असतो. गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि झाकणाचं रबर तपासा. परत काढताना आधी मोजपात्राची चाचणी करा, मगच बूस्टला हात लावा.

नंतर बसवलेल्या सुपरचार्जरची नोंद पेठ रोडच्या आरटीओत आरसी बुकावर करून घ्यावी लागते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदलेल्या तपशिलात परस्पर बदल चालत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा, आणि पीयूसी काढायला जाताना ज्या मिश्रणावर गाडी रोज चालते त्याच मिश्रणावर, इंजिन पूर्ण तापवून न्या.