क्रीडा कायदा ऑनलाइन शिकताय? मग या चुका टाळा

'अवघ्या शंभर ग्रॅमसाठी देशाचं पदक हिरावलं गेलं...' असाइनमेंटची सुरुवात अशी असली की पुढच्या दहा पानांत निवाड्यातलं एक वाक्यही सापडत नाही, हे मला आता अनुभवानं ठाऊक झालंय. क्रीडा कायदा आणि नीतिशास्त्र हा विषय मी एका ऑनलाइन पदविकेसाठी सात वर्षं शिकवतोय. शिकायला येणारी मंडळी फार चांगली असतात. तालमीतले वस्ताद, शाळांमधले क्रीडाशिक्षक, जिल्हा संघटनेचं काम बघणारे कार्यकर्ते, नुकतीच सनद घेतलेले वकील. दिवसभराचं काम उरकून रात्री नऊला लॅपटॉप उघडून बसतात. खेळाची ओढ असल्याशिवाय हे कुणी करत नाही. तरीही दर सत्राला चुका त्याच होतात, आणि एवढ्या मेहनती माणसांचे गुण त्यापायी जातात याचं वाईट वाटतं.

बातमी वाचून निकालावर लिहिणं

सगळ्या चुकांचं मूळ हेच. विनेश फोगटचंच प्रकरण घ्या. पॅरिस ऑलिंपिक, महिलांचा ५० किलो वजनगट. पहिल्या दिवशी वजन बसलं, तिन्ही कुस्त्या जिंकल्या. ७ ऑगस्ट २०२४ ला, अंतिम लढतीच्या सकाळी, वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमांतलं कलम ११ सांगतं की दुसऱ्या दिवशी वजनात न बसणारा मल्ल स्पर्धेतून बाद होतो आणि त्याला शेवटचा क्रमांक मिळतो. विनेश क्रीडा लवाद न्यायालयाच्या ऑलिंपिकसाठी नेमलेल्या विभागाकडे गेली. नागपूरचे हरीश साळवे तिच्या बाजूनं उभे राहिले. १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला. इथवर सगळ्यांना माहीत असतं, कारण हे टीव्हीवर आलं होतं.

गेल्या वर्षी विदर्भातल्या एका तरुण वकील मुलीनं यावर बारा पानं लिहिली. भाषा उत्तम, कळकळ खरी. तोंडी परीक्षेला व्हिडिओ कॉलवर मी एकच प्रश्न विचारला, "विनेशनं लवादाकडे नेमकं मागितलं काय होतं?" ती गोंधळली. "सुवर्ण... म्हणजे, पुन्हा लढत?" मग गप्प. मी म्हटलं, "निवाडा चोवीस पानांचा आहे. कॅमेरा बंद कर, वाच आणि झालं की फोन कर." दोन तासांनी, रात्री अकराच्या पुढे, तिचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, "सर, लवाद स्वतःच म्हणतायत की परिणाम फार जाचक आहे. मग त्यांनी तो बदलला का नाही?"

माझ्या मते आख्खा अभ्यासक्रम या एका प्रश्नात आहे. निवाड्यात स्पष्ट लिहिलंय की खेळाडूनं काहीही गैर केलेलं नाही. ज्या फेरीसाठी ती अपात्र ठरली तेवढ्यापुरतंच तिला बाद करणं अधिक न्याय्य ठरलं असतं, असंही लिहिलंय. आणि तरीही नियम स्पष्ट आहे, सगळ्यांना सारखा आहे, त्यात सवलतीची तरतूद नाही, म्हणून लवादाला तो नव्यानं लिहिता येत नाही. कायदा कुठे थांबतो आणि नीतीचा प्रश्न कुठे सुरू होतो, ती रेघ या चोवीस पानांत उघड दिसते. 'घोर अन्याय' म्हणणारे आणि 'नियम म्हणजे नियम' म्हणणारे, दोघांनीही ती पाहिलेली नसते. त्या मुलीनं असाइनमेंट नव्यानं लिहिली. चार पानंच होती, पण त्या तुकडीतली सगळ्यात सरस.

माझी स्वतःची सवय सांगतो. मी निकाल कागदावर छापून घेतो आणि शेवटचं पान आधी वाचतो. आदेश आधी, कारणं नंतर. मग वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहितो: मागणी काय होती, कोणी ठरवलं, कोणत्या नियमाखाली, आणि सिद्ध करण्याचा भार कोणावर होता. ज्या नियमावर वाद आहे त्याचा मजकूर शेजारी उघडा ठेवतो. या पद्धतीनं एका निकालाला एक संध्याकाळ जाते. 'सर, महत्त्वाचे निकाल दहा ओळींत द्या ना' असे मेसेज मला येतात. मी देत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या दहा-दहा ओळींच्या नोट्स मी पाहिल्यात. एकीत विनेशचा अर्ज दाखल झाल्याची तारीख निकालाची तारीख म्हणून छापली होती आणि एकाच तुकडीतल्या अकरा जणांनी ती जशीच्या तशी उतरवली.

'मुद्दाम घेतलं नाही, म्हणजे निर्दोष'

ही चूक कुस्तीच्या पट्ट्यातून आलेले विद्यार्थी हमखास करतात. त्याचं कारणही समजतं. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचं प्रकरण त्यांना घरचं वाटतं. २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. १ ऑगस्टला भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्तपालन समितीनं ते मान्य करून त्याला सोडलं. जागतिक संस्थेनं, म्हणजे वाडानं, अपील केलं आणि १८ ऑगस्टला क्रीडा लवाद न्यायालयानं चार वर्षांची बंदी घातली.

कोल्हापूरकडचे एक वस्ताद माझ्या वर्गात होते. त्यांनी लिहिलं, 'भारतानं सोडलं आणि परदेशानं अडकवलं.' मी फोन केला तेव्हा मागे तालमीत पोरांचे शड्डू ऐकू येत होते. मी विचारलं, "वस्ताद, कटाचा पुरावा कोणी द्यायचा होता?" ते म्हणाले, "सरकारनं. आरोप त्यांनी केला ना?"

घोडं पेंड खातं ते इथेच. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करायचा भार सरकारवर असतो, ते आपल्या अंगात इतकं मुरलंय की उत्तेजकांच्या प्रकरणातही आपण तेच गृहीत धरतो. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेची रचना वेगळी आहे. शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडला की नियमभंग तिथेच पूर्ण होतो. हेतू, निष्काळजीपणा, अज्ञान, काहीही सिद्ध करावं लागत नाही. त्यानंतर प्रश्न उरतो शिक्षेचा. मेथँडिएनोनसारख्या स्टेरॉइडला मूळ शिक्षाच चार वर्षांची आहे, आणि 'मी हेतुपुरस्सर घेतलं नाही' हे खेळाडूला दाखवावं लागतं. त्यासाठी शंभर टक्के खात्री लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं. पण ते झुकवायचं खेळाडूनं. नरसिंगच्या प्रकरणात घातपाताचा ठोस पुरावा समोर आला नाही, असं लवादाला वाटलं, म्हणून पूर्ण चार वर्षं लागली.

हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? जरूर वाद घाला. अशिक्षित घरातून आलेल्या, शिबिरातलं जेवण जेवणाऱ्या मल्लावर एवढा भार टाकणं मला स्वतःला जड वाटतं. उलट बाजूनं, भार संस्थेवर टाकला तर 'कुणीतरी मिसळलं' एवढं म्हणून प्रत्येक जण सुटेल, हेही खरं. हा वाद असाइनमेंटमध्ये आला तर मी भरभरून गुण देतो. आधी नियम नीट मांडलेला असावा, एवढीच अट.

त्या वस्तादांना हे कळलं त्याच आठवड्यात त्यांनी तालमीतल्या पोरांचे प्रोटीनचे डबे एका चटईवर मांडून त्याचा फोटो मला पाठवला. चौदा डबे. सहांवर घटकांची यादीच नव्हती, एकावरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं होतं. त्यातला एक डबा राष्ट्रीय शिबिरात जाऊ घातलेल्या पोराचा होता.

आणखी एक बारीक गोष्ट. नरसिंगचं प्रकरण संहितेच्या २०१५च्या आवृत्तीखालचं आहे. त्यावर लिहिताना २०२१च्या आवृत्तीची कलमं टाकू नका. घटना कधीची, त्यावर आवृत्ती ठरते. बंदी असलेल्या पदार्थांची यादी तर दर १ जानेवारीला नवी लागू होते.

कोर्टानं सोडलं, मग बंदी कशाला?

२०१३च्या आयपीएल स्पॉट फिक्सिंग प्रकरणात श्रीशांत, अजित चंडिला आणि आपला मुंबईचा अंकित चव्हाण यांना जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोपमुक्त केलं. विद्यार्थी लिहितात 'निर्दोष मुक्तता'. आरोपमुक्त म्हणजे आरोप ठेवण्याइतपतही साहित्य नाही म्हणून खटला चालण्याआधीच सोडणं. खटला चालून सुटणं ही दुसरी गोष्ट. कायद्याच्या पेपरात हा शब्द चुकला की परीक्षकाचा विश्वासच उडतो.

तरीही श्रीशांत आणि चव्हाणवरची बीसीसीआयची आजन्म बंदी कायम राहिली, कारण शिस्तभंगाची कारवाई वेगळ्या नियमांखाली, वेगळ्या पुराव्याच्या मापानं चालते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं श्रीशांतच्या बाबतीत दोष कायम ठेवला आणि शिक्षा किती असावी, एवढ्याचाच फेरविचार करायला सांगितलं. मग बीसीसीआयच्या लोकपालांनी बंदी सात वर्षांवर आणली. 'सर्वोच्च न्यायालयानं श्रीशांतला क्लीन चिट दिली' हे वाक्य दिसलं की मी त्याखाली लाल रेघ मारतो आणि निकालाचा परिच्छेद शोधून आणायला सांगतो.

नीतिशास्त्राच्या प्रश्नाला निबंध

'खेळाडूवृत्ती हा आपल्या संस्कृतीचा पाया आहे' असल्या वाक्यांना शून्य गुण मिळतात. एक ठोस कृती घ्या आणि ती उलगडा. मी वर्गात नेहमी विनू मांकड घेतो. १९४७ मध्ये सिडनीला गोलंदाजी करताना त्यांनी, चेंडू टाकण्याआधीच नॉन-स्ट्रायकरच्या टोकाची क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राऊनला धावचीत केलं, आणि कित्येक दशकं मांकडांचं नाव एका 'अखिलाडू' कृतीला चिकटून राहिलं. कृती तेव्हाही नियमात बसत होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं हा नियम अनुचित खेळाच्या ४१व्या कलमातून उचलून धावचीतच्या ३८व्या कलमात नेला. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी लॉर्ड्सवर दीप्ती शर्मानं चार्ली डीनला असंच बाद केलं आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. नियमाची जागा बदलली की कृतीची नैतिकता बदलते का? क्रीज सोडून फुकटचं अंतर मिळवणाऱ्या फलंदाजाच्या नीतीचं काय? यावर दोन पानं लिहा, मी आवडीनं वाचेन.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बीसीसीआयला 'सरकारी संस्था' म्हणू नका. २००५च्या झी टेलिफिल्म्स प्रकरणात तीन विरुद्ध दोन बहुमतानं ठरलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थानं ते 'राज्य' नाही, पण अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध जाता येतं. दोन्ही भाग लिहा.

राष्ट्रीय महासंघांवर लिहिताना २०११च्या क्रीडा संहितेवर थांबू नका. २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केलाय, त्यात क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण आहे. जुन्या तुकडीच्या नोट्समध्ये तो नसणारच.

एआयकडून आयते निकाल घेऊ नका. मागच्या सत्रात एकानं सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल खंड आणि पान क्रमांकासह दिला. मी तो खंड काढून ते पान उघडलं, तर तिथे जमीन संपादनाचा खटला. त्या विद्यार्थ्याला त्या पेपरात नापास करावं लागलं. माणूस हुशार होता, म्हणून अजून रुखरुख वाटते.

रेकॉर्ड केलेलं लेक्चर दुप्पट वेगानं ऐकू नका. कायद्यात 'करू शकेल' आणि 'करील' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि त्या वेगात ते ऐकू येत नाही.

क्रीडा लवाद न्यायालयाकडे अपिलाची मुदत २१ दिवसांची आहे, संघटनेच्या नियमांत दुसरी मुदत दिली नसेल तर. म्हणून आधी संघटनेचे नियम बघा. पाठ केलेला आकडा तसाच ठोकून देऊ नका.

आणि प्रश्न शेवटच्या आठवड्यासाठी साठवू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री चाळीस मेसेज येतात, त्यातले तीस 'सर, हे कुठे मिळेल?' या प्रकारचे असतात. पहिल्या पंधरवड्यात विचारा. निकालाचं नाव, परिच्छेद क्रमांक आणि तुम्हाला काय अडलं, एवढं लिहून पाठवा. रात्री दहानंतर मी फोन हातात घेतो, आणि परिच्छेद क्रमांक घातलेल्या प्रश्नाला त्याच रात्री उत्तर देतो.