बालमोझार्टची चर्चगीतं बसवताना या चुका टाळा

मोझार्टची डी मायनर या गंभीर, उदास स्वरपट्टीतली ‘मिस्सा ब्रेव्हिस’ म्हणजे कॅथलिक उपासनेची छोटी गीतमाला (के. ६५; ‘के.’ म्हणजे कोशेलने केलेल्या मोझार्ट-रचनांच्या यादीतला क्रमांक) बसवायला घेतली आणि पहिल्याच तालमीत गाडी अडली. किरिए हा पहिला भाग झाला, पुढच्या ग्लोरियाचं पान उघडलं, तर ‘ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ’ ही ओळच गायब! सगळे आवाज थेट ‘एत इन तेर्रा पाक्स’वर. झेरॉक्समध्ये पान राहिलं असं समजून आम्ही अर्धा तास शोधाशोध केली. पण पान राहिलंच नव्हतं. ती ओळ वेदीपाशी उभे असलेले धर्मगुरू एकटे गात, पुढचं क्वायरने उचलायचं. त्यापुढचा क्रेदो हा भागही असाच, पहिली ओळ सोडून ‘पात्रेम’ या शब्दापासून. मैफलीत धर्मगुरू नसतात, म्हणून एखाद्या पुरुष गायकाला ती ओळ साध्या ग्रेगोरियन (चर्चमधल्या जुन्या एकसुरी) चालीत द्या. हौसेने चार आवाजांत बसवू नका.

व्हायोलाचा भागही शोधू नका. मोझार्टच्या गावी, साल्झबुर्गच्या चर्चमध्ये दोन व्हायोलिन, बास आणि ऑर्गन यांवर भागायचं.

डी मायनर दिसलं की लोक लगेच १७९१च्या ‘रेक्विएम’ची, म्हणजे त्याच स्वरपट्टीतल्या मृतांसाठीच्या मिस्साची, चाहूल ऐकू लागतात. हे जरा अतीच होतं. मिस्सा पहिल्यांदा गायली गेली ५ फेब्रुवारी १७६९ला, विद्यापीठाच्या चर्चमध्ये, सलग चाळीस तास चालणाऱ्या आराधनेच्या प्रारंभी. राखेचा बुधवार, म्हणजे उपवास-पश्चात्तापाच्या काळाचा पहिला दिवस, तीन दिवसांवर आला होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने प्रसंग ओळखून सूर धरला, मृत्यूची चिंता वगैरे नाही.

लॅटिन शब्दांचा उच्चार इटालियन वळणाचा (‘coeli’चं ‘चेली’) की जर्मन वळणाचा (‘त्सेली’) हे आधी ठरवा. दोन्ही चालतं. सोप्रानो एक आणि बास दुसरं, हे मात्र कानाला खुपतं.

कोशेल क्रमांक आहे म्हणजे रचना मोझार्टचीच, हाही गैरसमज. ‘दे प्रोफुंदिस’ (के. ९३) मुळात रॉयटर या दुसऱ्या संगीतकाराची. आणि १७७०मध्ये रोममध्ये ऐकून उतरवून काढलेलं ‘मिझेरेरे’ हे स्तोत्रगीतही अल्लेग्री या जुन्या संगीतकाराचं, मोझार्टची फक्त स्मरणशक्ती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या संगीत अकादमीत मोझार्टची परीक्षा झाली. दिलेल्या जुन्या चालीवर जुन्या शिस्तीत बाकीचे आवाज रचायचे होते. तेच ‘क्वेरिते प्रिमुम’ (के. ८६). नियमांत तो चुकला, तिथले संगीतगुरू पाद्रे मार्टिनी यांनी दुरुस्त करून दिलं. त्यामुळे ध्वनिमुद्रण ऐकताना पोराची प्रत आहे की मास्तरांची, ते आधी बघा. परीक्षकांचा शेरा होता: परिस्थिती पाहता, पुरेसं.